पडल्याचा वाटा

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला आणि भिकाजी कुबलाचा वाटा बंद झाला. कोणी भांडलं नाही की कोणी वाईट बोललं नाही. रीतच तशी होती. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, माणूस पडला, हात मोडला, पाय मोडला, की त्याच्या घरी मासळीचा वाटा जायचा तो पुढच्या नारळापर्यंत. नारळ पडला की नवा मोसम, नवे दोर, आणि ज्याचा हात दोराला त्यालाच वाटा. ह्याला आमच्या वाडीत पडल्याचा वाटा म्हणत. देताना कोणी उपकाराचा आव आणत नसे आणि बंद करताना कोणी मान खाली घालत नसे.

भिकाजी पडला तो माघात. होडी पाण्यात लोटताना लाट आडवी आली, होडी फिरली आणि तिची कड नि वाळू ह्यांच्यामध्ये त्याची कंबर सापडली. वालावलच्या वैद्याने बांबूच्या कांबी बांधल्या, पाला चेचून लावला, आणि हाड जुळलं म्हणून सांगून तो गेला. हाड जुळलं, पण डावा पाय आखडला तो आखडलाच. काठीच्या आधाराने भिकाजी परसात जाऊन येई. उभं राहून दोर ओढणं मात्र संपलं. छाती अजून दाराएवढी रुंद, दंड तसेच, आणि माणूस सकाळपासून ओट्यावर बसलेला. कोणी फाटकं जाळं आणून टाकलं तर तो सांधून देई. पण जाळं सांधणं हे ज्याच्या त्याच्या घरचं काम. त्याला वाटा नसतो.

घरात तीन माणसं. भिकाजी, त्याची बायको मथुरा आणि म्हातारी आई आनंदीबाई. मुलगी देवबागेत दिलेली, तिचंच तिला पुरत नव्हतं. पूर्वी मथुरा वाट्याची मासळी पाटीत घेऊन खाडी ओलांडायची, आतल्या गावांतून हिंडून मासळीच्या बदल्यात तांदूळ आणायची. आता तिला वेळेवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, दुसऱ्यांची मासळी विकत घ्यावी लागे. वाटे झाले, ज्याच्या त्याच्या बायकांनी पाट्या भरल्या, उरलं तर विकणार. त्यासाठी ती पाटी उपडी घालून, तिच्यावर बसून, सगळ्यांच्या मागे थांबायची. ज्या बायकांबरोबर जन्मभर पुढे उभी राहिली त्याच तिला आता "थांब गो वायच" म्हणायच्या. म्हणणाऱ्या वाईट नव्हत्या. पण ते ऐकायचं रोजचं झालं होतं, आणि रोजचं झालं म्हणून त्याची टोचणी काही कमी होत नव्हती.

वाटे करायची आमची पद्धत सांगायला हवी. रापण ओढून झाली, मासळी वाळूवर आली, की रापणीचा म्होरक्या विठोबा तांडेल तिचे सारखे ढीग घालतो. माणसागणिक एक ढीग. मग एक जण समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. तांडेल एका ढिगाला काठी लावतो नि विचारतो, "हो कोणाचो?" पाठमोरा माणूस एक नाव घेतो. तो ढीग त्याचा. मोठा निघो, बारका निघो, तक्रार नाही. पाठ केलेल्याला काही दिसत नाही, त्यामुळे तो कोणाला झुकतं माप देऊ शकत नाही. त्या वर्षांत हे काम सत्यवान करी. तरणाताठा, जिभेने तिखट, पण नावं घेताना कधी चुकला नाही.

नारळ पडल्यापासून सत्यवानाच्या तोंडून भिकाजीचं नाव आलं नव्हतं. गोवा सुटला त्याच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. मासळीही त्या साली रुसली होती. मार्गशीर्ष लागला तरी बांगडा म्हणावा तसा येत नव्हता. माणसं पहाटेच्या थंड पाण्यात छातीपर्यंत उभी राहून दोर ओढत, आणि जाळ्याच्या खोळीत निघे ते मूठ मूठ बारके पेडवे नि शेवाळ.

अशात एका संध्याकाळी विठोबा तांडेल भिकाजीच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. मथुरा नुकतीच आतल्या गावाहून आली होती आणि पायरीवर बसून पायांना तेल चोळत होती. तिने पदर सारखा केला नि उठून घोंगडं टाकलं.

"कंबर कशी रे?" विठोबाने विचारलं.

"आसा तशीच," भिकाजी म्हणाला.

आतून आनंदीबाईचा आवाज आला. "विठोबा इलो? नारळ घातल्यापासून आज वाट गावली तेका."

विठोबा ऐकून न ऐकल्यासारखा बसला. चांगला माणूस. पण चांगल्या माणसाला जेव्हा वाईट काम सांगायचं असतं तेव्हा तो फार वेळ हवापाण्याचं बोलतो. वारा कसा फिरला, तारकर्लीच्या रापणीला काय गावलं, सगळं झालं. मग तो म्हणाला, "परवा सायब येतले. मासळी खात्याचे. तेंच्या वांगडा भायले लोक आसत. सिलोनचे, आनी एक त्या इंडोनेशियाचो."

"हंय? कित्याक?"

"तेंच्याकडेय आपल्यासारखीच रापण आसा म्हणतत. आपल्यासारखेच गरीब देश. तेंका बघूचा आसा, रापणीर माणूस पडलो तर आमी तेचा काय करतो. माका सायबान इचारल्यान. मी सांगलंय, आमी वाटो दितो."

"दितो म्हणान सांगलस?"

"खोटा काय सांगलंय? मोसमभर दिलो मां तुका?"

"नारळासर."

"नारळासर तर नारळासर."

मथुरा तेलाचं बोट तसंच धरून उभी होती.

"मगे माका काय करूचा?" भिकाजीने विचारलं.

"कायएक करू नको. वेळेर येवन बस. शेवटचो ढीग तुझ्या नावान पुकारतलो. तेंनी काय इचारल्यानी तर हां म्हण. आपली रापणीची सोसायटी बरी दिसली तर सायब नायलॉनच्या सुताचा बघतो म्हणालो. सगळ्या वाडीचा काम आसा ह्या."

"आनी तेरवा?"

विठोबाने घोंगड्याचा एक दोरा उपटला. "तेरवाचा तेरवा बघू," तो म्हणाला, आणि उठला.

तो गेल्यावर भिकाजी म्हणाला, "माका दाखवूक नेतत. जत्रेत नेतत तसो."

"जावा," मथुरा म्हणाली. "एका दिसाचो तर एका दिसाचो. आवशीन म्हयनोभर धड माशाचो तुकडो खावक नाय."

"तुका काय वाटणा नाय?"

"माका वाटता. वाटान काय करू?" ती पुन्हा पायरीवर बसली आणि दुसऱ्या पायाला तेल चोळायला लागली.

ठरल्या दिवशी जीप माडांपर्यंत आली नि वाळूत रुतली. साहेब उतरले, बूट काढून हातात घेतले. त्यांच्यामागून तिघे पाहुणे. सिलोनचे दोघे होते, एक पाटलोणीतला अधिकारी आणि दुसरा काळा, बुटका, पन्नाशीचा माणूस, कमरेला लुंगीसारखं रंगीत वस्त्र गुंडाळलेला. तो तिकडचा रापणकरी. नाव पियदास. इंडोनेशियाचा तरुण मुलगा गोरटेला, सगळ्यांकडे बघून हसणारा. सिलोन म्हणजे दुकानातल्या रेडिओवर गाणी लागतात ते गाव, एवढंच वाडीला ठाऊक. त्यामुळे बायका पियदासकडे हा आता गाणं म्हणेल अशा नजरेने बघत होत्या.

साहेबांनी आधी भाषण केलं. ते शुद्ध बोलत. "हे आपल्यासारखेच देश आहेत. कोणाकडेच फार पैसा नाही. पण राबणारा माणूस पडला, आजारी झाला, म्हातारा झाला, तर त्याने काय करायचं, हे एकमेकांचं बघून, एकमेकांना विचारून ठरवावं असा विचार निघाला आहे. मोठ्या देशांकडून शिकण्याआधी शेजारच्या किनाऱ्याकडून शिकावं." माणसं माना डोलवत होती. पाणी ओसरत चाललं होतं आणि सगळ्यांचं लक्ष दोराकडे होतं.

भिकाजी एका ओंडक्यावर बसला होता. मथुरेने त्याला धुतलेला सदरा घातला होता. एरवी वेळेवर सदरा घालून कोणी येत नाही, त्यामुळे तो लांबूनही वेगळा दिसत होता, आणि त्याला ते कळत होतं. काठी त्याने वाळूत आडवी टाकून तिच्यावर पाऊल ठेवलं होतं.

दोर ओढायला सुरुवात झाली. दोन्ही टोकांना रांगा लागल्या. टाच वाळूत रोवायची, कंबर मागे टाकायची, दोराचा एक हात आत घ्यायचा, पुन्हा टाच उचलायची. काथ्याचा ओला दोर तळव्याची साल काढतो. जुन्या माणसांच्या हातांना त्याचं काही वाटत नाही, पण खारं पाणी जुन्या भेगांतही शिरतंच. भिकाजी बसल्या जागी दर खेपेला कंबर मागे टाकत होता. त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मथुरेला दिसत होतं, म्हणून तिने तिकडे बघायचं सोडलं.

पियदास थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने वस्त्र गुडघ्यावर खोचलं, अधिकाऱ्याला काही न सांगता रांगेत शिरला आणि दोर धरला. दोर ओढतानाची त्याची हाळी वेगळी होती, आमच्याहून जरा लांब ओढलेली. दोन-चार खेपा त्याचा हात पुढे नि आमचा मागे असं झालं. मग जमलं. सत्यवान त्याच्या पुढे होता. तो मान वळवून म्हणाला, "हो आपलोच आसा रे." त्यावर सगळी रांग हसली. त्या महिन्यात रापणीवर पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

मासळी आली ती बेताचीच. पेडवे, थोडे बांगडे, एखाददुसरी कर्ली. विठोबाने ढीग घातले. मग त्याला आठवलं की दोराला हात लावणाऱ्याला वाटा द्यायचाच असतो. पाहुणा झाला म्हणून रीत कशी मोडणार? त्याने प्रत्येक ढिगातून थोडं थोडं काढून पियदासचा एक ढीग घातला, आणि भिकाजीचा एक. ढीग आधीच बारके. बायकांच्या नजरा त्या उचलणाऱ्या हातावर होत्या.

सत्यवान पाठमोरा उभा राहिला. नावं झाली. "हो कोणाचो?" "सिलोनवाल्याचो." पुन्हा हसू. मग शेवटच्या ढिगाला काठी लागली.

"हो कोणाचो?"

"भिकाजी कुबलाचो," सत्यवान म्हणाला, ठरल्याप्रमाणे.

साहेबांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं. पियदास उठून भिकाजीकडे गेला, त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि अंगठ्याने त्याची कंबर दाबून पाहिली. वैद्य दाबतो तशी. दुखलं तिथे भिकाजीने ओठ आवळले. पियदासने मान हलवली आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. ते अधिकाऱ्याने साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि साहेबांनी भिकाजीला मराठीत.

"ते विचारतात, हा वाटा तुम्हाला किती दिवस मिळतो?"

हां म्हणायचं ठरलं होतं. पण ह्या प्रश्नाला हां म्हणता येत नव्हतं. भिकाजीने विठोबाकडे पाहिलं. विठोबा समुद्राकडे बघत होता. सत्यवान अजून पाठमोराच होता. मथुरा रिकामी पाटी पोटाशी धरून उभी होती.

"जितो आसंय तवसर," भिकाजी म्हणाला.

"जिवंत असेपर्यंत," साहेबांनी सांगितलं आणि पुढे इंग्रजीत सांगितलं.

ह्यावर नंतर वाडीत पुष्कळ दिवस बोलणं झालं. कोणी म्हणे त्याने डाव साधला. कोणी म्हणे बसून बसून डोकं फिरलं. मला विचाराल तर त्याला फक्त वाडीची अब्रू झाकायची होती. नारळापर्यंत देतो, मग बंद करतो, हे परक्या माणसापुढे त्याला आपल्या माणसांबद्दल सांगवेना. ज्यांनी बंद केला त्यांचीच लाज त्याला वाटली. आमची माणसं अशीच. घरात उपास काढतील, पण पाहुण्याला चूल पेटलेली दाखवतील.

आणि गंमत अशी की लाज वाटायचं काही कारणच नव्हतं. पियदासने ते ऐकून घेतलं. मग तो बराच वेळ बोलला, आणि साहेब सांगत गेले.

"ते म्हणतात, आमच्याकडे पडलेल्या माणसाला मोसम संपेपर्यंतच देतात. त्यांचा भाऊ असाच पडला होता. मोसम संपल्यावर तो देवळाच्या दारात बसायला लागला. पण एक रीत आहे. वाटा देताना त्या माणसाचं नाव पुकारतात आणि आहेस का म्हणून विचारतात. त्याने स्वतः ओ द्यायची. ओ दिली की वाटा. म्हणजे तो मागायला आला असं होत नाही, हजर होता असं होतं." साहेब थांबले. पियदास अजून बोलत होता. "ते म्हणतात, तुमच्याकडे जन्मभर देतात हे मी गावी जाऊन सांगेन. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगेन. मग त्यांनाही द्यावं लागेल."

विठोबाने मान खाली घातली. रापणीतली माणसं एकमेकांकडे बघेनात.

मग पियदासने आणखी एक विचारलं. वाडीत नुकतीच बाळंत झालेली बाई आहे का? त्यांच्याकडे पाहुण्या हाताची मासळी बाळंतिणीला देतात. सत्यवानाची बायको विमला आठवड्यापूर्वीच बाळंत झाली होती. दोन-तीन बायकांनी एकदम तिचं नाव घेतलं. पियदासने आपला ढीग उचलून सत्यवानाच्या आईच्या पाटीत टाकला. सत्यवान वाळूवर अंगठ्याने रेघा ओढत उभा राहिला.

जीप ढकलून काढली. ती माडांआड गेली आणि माणसं पुन्हा आपल्या रोजच्या चेहऱ्यांवर आली.

"झाला मां?" सत्यवान म्हणाला. "आता तो ढीग मोडा नि वाटून टाका. दाखवूक होतो तो."

"जितो आसंय तवसर," दत्ताराम मागून म्हणाला. "आमका कोणी इचारल्यानी? आमी काय, दोर ओढतत ते, मेलेलेच?"

भिकाजी ओंडक्यावर बसून होता. त्याला उठायला मदत लागे, आणि त्या वेळी कोणी हात देत नव्हतं. मथुरा ढिगापाशी उकिडवी बसली, पण तिने हात लावला नाही. ती विठोबाकडे बघत राहिली.

"तांडेलानू," ती म्हणाली, "उचलू काय, ठेवू?"

विठोबाने खूप वेळ काठीने वाळू उकरली. "ने आज," तो म्हणाला. "आजचो पाहुण्यांच्या समोर पुकारलो. तो मोडूक येवचो नाय."

घरी मथुरेने बांगड्यांचं तिखलं केलं. आनंदीबाईने दोन्ही हातांनी काटे काढून खाल्लं आणि हात नाकाशी नेऊन पुन्हा हुंगला. भिकाजीने ताट सरकवलं.

"खोटा बोललंय मी गो."

"बोललात ता बोललात," मथुरा म्हणाली.

"तो माणूस थंय जावन सांगतलो. खोट्यार सांगतलो."

मथुरा चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. "मगे ता खरा करा. फाल्या वेळेर चला."

"कित्याक? भीक मागूक?"

"जितो आसंय म्हणालात. जिते आसास ता लोकांका दिसाक नको?"

आनंदीबाई म्हणाली, "जा रे बाबा. हंय बसान तरी काय करतस? माशी मारतस."

दुसऱ्या दिवशी भिकाजी चालत वेळेवर गेला. सदरा घातला नव्हता. घरापासून पाण्यापर्यंतचं अंतर ते किती, पण मऊ वाळूत काठी रुते, ती उपटायला थांबावं लागे, आणि तेवढ्यात चांगल्या पायावर सगळा भार येऊन तोही थरथरे. ओंडक्याशी पोचला तेव्हा त्याच्या अंगातून पाणी गळत होतं. दोर ओढणाऱ्यांनी त्याला येताना पाहिलं. कोणी काही बोललं नाही. ओढताना बोलायला दम नसतो.

मासळी थोडीच. ढीग घातले. भिकाजीचा नव्हता. सत्यवान पाठ करून उभा राहिला, एकेक नाव होत गेलं. शेवटचा ढीग झाल्यावर सत्यवानाने न वळताच समुद्राकडे तोंड करून हाक घातली. आवाजात थट्टा होती.

"भिकाजी कुबल, आसस रे?"

सगळे हसले. सिलोनवाल्याची नक्कल चांगली जमली होती.

भिकाजीने काठी हातात घेतली, ओंडक्यावरच ताठ बसला. "आसंय," तो म्हणाला.

थट्टेने मारलेल्या हाकेला त्याने खरी ओ दिली. हसू मध्येच तुटलं. विठोबा तांडेल काठी घेऊन ढिगांमध्ये उभा होता. तो वाकला आणि प्रत्येक ढिगातून दोन दोन पेडवे काढायला लागला. दत्तारामने "तांडेलानू" म्हणून तोंड उघडलं, तर विठोबा म्हणाला, "तुझ्याकडसून एकच घेतंय, गप." त्याने एक ढीग घातला. मूठभर मासळी. तिने पाटीचा तळसुद्धा झाकला नाही.

तिथून ते रोजचं झालं. सगळी नावं संपल्यावर सत्यवान हाक घाली, "भिकाजी कुबल, आसस?" आणि हा म्हणे, "आसंय." थट्टा चार दिवसांत शिळी झाली आणि नुसता प्रश्न उरला. कुरकुर चालूच होती. ज्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त त्यांची कुरकुर खरी होती, त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. दत्तारामच्या बायकोने मथुरेशी बोलणं सोडलं. नायलॉनचं सूत काही आलं नाही. साहेबांची बदली झाली म्हणे. फाल्गुनात तर सलग काही दिवस खोळीत काचेसारखे गिळगिळीत गोळे तेवढे निघाले. माणसांच्या हातापायांना त्यांची आग सुटली. वाटे घालायला काही नव्हतं. तरी सत्यवान जाता जाता ओंडक्याकडे बघून म्हणाला, "आसस मां रे?" आणि भिकाजी म्हणाला, "आसंय बाबा." मग सगळे रिकाम्या हाताने घरी गेले.

भिकाजीला त्या ओ देण्याचं ओझं झालं होतं. अंग मोडून आलं तरी तो जाई. मथुरा म्हणे, आज राहू दे. तो म्हणे, "थंय तो माणूस सांगत आसतलो." पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या तेव्हा त्याला बरं वाटलं असावं. निदान पावसाळाभर कोणी त्याला आहेस का म्हणून विचारणार नव्हतं.

पावसाळा वाईट गेला. घर गळत होतं. कौलं शाकारायला वर चढणार कोण? मथुरा लोकांच्या शेतात लावणीला गेली, गुडघाभर चिखलात दिवस काढून यायची नि चुलीपुढे बसल्या बसल्या झोपायची. ओलीने भिकाजीची कंबर ठणकायला लागली आणि श्रावणात त्याला ताप भरला. उतरे, पुन्हा चढे. नारळी पौर्णिमेला वाडी वाजतगाजत पाण्यावर गेली तेव्हा तो कांबळ्यात कुडकुडत होता. आनंदीबाई त्याच्या उशाशी बसून होती. लांबून ढोल ऐकू आला नि थांबला. नारळ पडला.

नवा मोसम, नवे दोर. ज्याचा हात दोराला त्याचाच वाटा.

पहिल्या रापणीच्या सकाळी मथुरेने पाटी काढली. कुठली पाटी घ्यायची हे तिला कळेना. विकत घेतलेल्या मासळीची मोठी, की वाट्याची बारकी. भिकाजी तापात होता, पण शुद्धीवर होता.

"माका ने," तो म्हणाला. "ओ दिवक व्हयी."

"कसे न्यायचे? पाठुंगळीक घेव?"

"मगे तू दी."

"माझी ओ चलाची नाय," मथुरा म्हणाली. "तेनाच दिवक व्हयी, असाच त्या सिलोनवाल्यान सांगलेला." तिने बारकी पाटी उचलली, मग ठेवली, आणि शेवटी तीच घेऊन गेली.

मासळी बरी आली. बांगडा होता, ताजा, पाठ निळी-हिरवी. माणसं खुशीत होती. मथुरा ओंडक्यापाशी थांबली. पुढे बायकांत जावं की मागे बसावं हे न कळून ती त्या रिकाम्या ओंडक्याशेजारी उभीच राहिली. विठोबाने ढीग घातले. ढीग मोजावेत असं तिला वाटलं, पण तिने मोजले नाहीत.

सत्यवान पाठमोरा उभा राहिला. "हो कोणाचो?" "दत्तारामाचो." "हो कोणाचो?" नावं होत गेली. एकेक बाई पुढे होऊन पाटी भरू लागली. शेवटी एक ढीग वाळूवर राहिला. विठोबाने त्याच्यावर काठी टेकवली, पण हो कोणाचो म्हणून विचारलं नाही. तो नुसता उभा राहिला.

सत्यवान समुद्राकडे तोंड करून होता. "भिकाजी कुबल," त्याने हाक घातली, "आसस?"

ओंडक्यावर कोणी नव्हतं. मथुरेच्या घशाशी शब्द आला होता, पण तो तिचा नव्हता. तिने पाटीची कड घट्ट धरली. बायकांचे हात थांबले. दत्ताराम पाट्या उचलत होता, तोही तसाच वाकून राहिला. एक लाट आली आणि सत्यवानाच्या घोट्यांवरून परत गेली.

त्याने वळून पाहिलं नाही. पाठ केलेल्याने बघायचं नसतं.

"आसा," सत्यवानच म्हणाला. "घराकडे आसा. घाला तेचो."

विठोबाने काठी उचलली. मथुरा खाली बसली आणि एकेक बांगडा पाटीत भरायला लागली. ढीग इतरांच्या ढिगाएवढाच होता, आणि पाटी बारकी पडली.